रोझाचा भाऊ

घाटकोपर,
२२ नोव्हेंबर १९८७

प्रिय सुलू,

तुझं पत्र पोचायला दीड महिना लागला. तुझी आई रोज दारात येऊन विचारायची, "माझ्या चेडवाचा पत्र इला काय गो?" तिला सगळं वाचून दाखवलं, फक्त मोझांबिकच्या लढाईतून पळून आलेली पोरं तुझ्या मलावीतल्या छावणीत चौघं मिळून एका चादरीत झोपतात, ते गाळलं. लेक नर्स म्हणून परदेशी गेलीय, एवढंच तिला पुरे आहे.

सात वर्षांची रोझा कुणाशी बोलत नाही, नुसतं 'आल्बेर्तो, बॉम्बे' म्हणते, तिचा भाऊ इथे शिकायला आलाय, शोध त्याला, असं तू लिहिलंस. तुझ्या दोन ओळी झाल्या गं, माझ्या शाळेतल्या चार अर्ध्या रजा गेल्या. अंधेरीच्या एका कॉलेजातला क्लार्क म्हणाला, "बाई, परदेशी मुलांचं रजिस्टर साहेबांच्या कपाटात आहे, सोमवारी या." सोमवारी साहेब होते तर किल्ली नव्हती. तिसऱ्या खेपेला कळलं, मोझांबिकचा एक आल्बेर्तो होता, पण शिष्यवृत्ती बंद पडली आणि वर्षापूर्वी त्याने हॉस्टेल सोडलं. कुठे गेला, हे कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी रखवालदार धाकूमामांनी सांगितलं, साकीनाक्याला लेथच्या कारखान्यात बघा.

काल गेले. विशी-बाविशीचा मुलगा मशीनखालचा लोखंडाचा कीस झाडत होता. मी तू पाठवलेला रोझाचा फोटो पुढे केला. तो इतका वेळ बघत राहिला की मालक आतून ओरडला. मग मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये मेरी बहन नहीं." त्याची बहीण तेरेसा. दोन वर्षांपूर्वी त्यांचं गाव जाळलं, तेव्हापासून त्याची पत्रं परत येतात.

मला संताप आला सुलू. त्या क्लार्कचा, तुझा, आणि खरं सांगू, तो रोझाचा भाऊ नाही म्हणून त्याचाही. मी तशीच निघाले. बसस्टॉपवर तो मागून धावत आला, हात धुतलेले, पण पुसलेले नाहीत. माझ्या वहीचं पान मागून त्याने त्याच्या भाषेत पानभर लिहिलं. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणाला, "मैं तेरा भाई. खाना खा, बात कर." मी चिडले. म्हटलं, लहान पोरीशी असं खोटं बोलतात का? तो म्हणाला, "दीदी, तेरेसा को कोई ऐसा लिखे, तो मुझे चलेगा."

ती चिठ्ठी सोबत आहे. तुला ती भाषा येत नाही, तू आनंदाने दुभाष्याला बोलावून रोझासमोर वाचायला लावली असतीस, म्हणून आधी हे लिहितेय. ती तिच्या भावाची नाही. मला फाडवली नाही आणि गुपचूप पाठवायलाही मन धजेना. पोर तुझ्यासमोर आहे, काय करायचं ते तू ठरव. तिचा आल्बेर्तो मी अजून शोधतेय, उद्याची अर्धी रजा टाकलीय. आणि तिथे तेरेसाची चौकशी कर. आता नऊ वर्षांची असेल, डाव्या भुवईवर व्रण आहे. हे त्याने आपणहून सांगितलं नाही. मी विचारलं, तेव्हा सांगितलं.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
कमल