भंडाऱ्याच्या आमटीला लागलेला हात

निमगाव सावा, ता. जुन्नर
६ जानेवारी २०२५

ती. निर्मलामावशीस,
सा. न. वि. वि.

एक कोडं घालते. घरच्या तपेलीतली आमटी रात्रभर राहिली की दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेली लागते आणि भाकरी एक जास्त जाते. मग तेच वाटण, तीच डाळ तीनशे माणसांच्या पातेल्यात शिजवली, तर सकाळी फेसाळून आंबते, असं का? तेही पौषाच्या गारठ्यात.

कोडं गमतीचं नाही. गेल्या वर्षी बिरोबाच्या भंडाऱ्याला हेच झालं. आदल्या संध्याकाळी आमटी उतरवली, ती गारठू नये म्हणून मामंजींनी पातेल्यावर स्वतःची घोंगडी पांघरली, आणि सकाळी झाकण काढताच आंबूस वास आला. पाहुण्यांनी भाकरी ठेच्याशी खाल्ली. मी तेव्हा घरात नवी होते आणि फोडणी मी घातली होती. आमच्या चुलतसासूबाईंनी, म्हणजे कोंडाबाईंनी, तिथल्या तिथे निकाल दिला की पोरगी गुणाची हाय, पण हाताला यश न्हाई. गावानं तो लगेच मान्य केला.

तेव्हापासून शेजारच्या कार्याला मला कांदा चिरायलासुद्धा कोणी हाक मारत नाही. यंदाच्या भंडाऱ्यात माझ्याकडे पत्रावळ्यांचं खातं आहे. सासूबाई मायेनंच म्हणतात की एक वरीस जाऊ दे, लोकांची तोंडं मिटू दे. पण मावशी, मला यंदाच फोडणी घालायची आहे. हा ठपका एकदा मुरला, तर निघायचा नाही.

फोन करत नाही, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून आणि ओट्यावर बसूनच बोलायची रीत आहे. हे पत्र गोरक्ष कांद्याच्या गाडीबरोबर मंचरला आणतील. त्यांना जेवू घालावं. दुसऱ्यांदा आग्रह मात्र करू नये, नवरा माझा असला तरी सांगते, ते नाही म्हणत नाहीत.

लोभ मंद आचेवर राहू द्यावा, उतरवू नये.
तुझी,
प्राची


मंचर, ता. आंबेगाव
८ जानेवारी २०२५

चि. सौ. प्राचीस,
अ. उ. आ.

पत्र पोचले. तुझी सूचना उशिरा वाचली. जावईबापूंना तीन वेळा आग्रह झाला आणि तिन्ही वेळा तो मानला गेला.

आता कोडे. मी शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हा असा प्रश्न कोणी विचारला असता, तर मी पुढचा तास मागून घेतला असता. नीट बघ. कढत आमटीत जंतूंना वाढता येत नाही. गार आमटीत ते आळसावतात. कोमट आमटी ही मात्र त्यांची पंगत. उकळीतूनही काही चिवट जंतू बियाण्यासारखे तग धरून असतात आणि पान मांडले जाण्याची वाट पाहतात. तेव्हा आमटी कोणी केली, हा प्रश्नच नव्हे. ती कोमट किती वेळ राहिली, एवढाच प्रश्न.

उष्णता बाहेर पडते ती भांड्याच्या कडांतून आणि वरच्या तोंडातून. भांडे मोठे केले की आत आमटी पुष्कळ वाढते, पण बाहेर पडायच्या वाटा त्या मानाने थोड्याच वाढतात. आमच्या मंचरच्या चौकात गाड्या वाढल्या आणि रस्ता तेवढाच राहिला, तसे. तपेली लवकर मोकळी होते. पातेल्याचे पोट बाहेर कडाक्याची थंडी असली तरी पहाटेपर्यंत कोमट राहते. त्यात तुझ्या मामंजींची घोंगडी. घोंगडी ऊब देत नाही, असलेली ऊब जाऊ देत नाही. पावसात मेंढक्याला तिने जे सुख दिले, तेच त्या रात्री जंतूंना दिले.

म्हणून आदल्या दिवशी करायचे ते कोरडे किंवा परतलेले. मसाला भाजून दळावा. डाळ निवडून ठेवावी. कांदा-लसूण-खोबऱ्याचे वाटण तेलावर चांगले परतून परातींत पातळ पसरावे आणि निवले की लगेच लहान डब्यांतून शेजाऱ्यांच्या फ्रिजांत पाठवावे. डाळ शिजवणे, फोडणी आणि पाणी सकाळी. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेव: आंबलेली आमटी पुन्हा उकळली म्हणून खाण्याजोगी होत नाही.

पत्र सासूबाईंपुढे वाचावे, पण चौकातले वाक्य हळू वाचावे. त्यात मजा आहे.

तुझ्या यशाची वाट पाहणारी, आणि लोभात उणे न पडणारी,
मावशी


निमगाव सावा
१३ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांपुढे वाचलं. जंतूंच्या पंगतीला मामंजी खळखळून हसले. घोंगडीचं नाव निघालं तसे पानसुपारी शोधू लागले.

सासूबाई मात्र बधल्या नाहीत. सकाळची आमटी कच्ची लागते, आमटी मुरायला रात लागती, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. त्या लहानपणी आईबापाबरोबर मेंढरं घेऊन कोकणात उतरत, तेव्हा वाटेला शिदोरी काय असायची, एवढंच विचारलं. त्या रंगात आल्या. म्हणाल्या की भाकरी, चटणी, भाजल्यालं पीठ. वलं कदीच बांधायचं न्हाई, कालवण मुक्कामाला. बोलता बोलता थांबल्या, माझ्याकडं जरा रागानंच पाहिलं आणि म्हणाल्या की मग तुजी मावशी नवं काय सांगती, हे तर आमची आय सांगायची.

मग पुढचं सगळं त्यांनीच ठरवलं. मुरतंय ते वाटण, पाणी कुटं मुरतंय, हे आता त्यांचं वाक्य झालं आहे आणि गल्लीत फिरतं आहे. सकाळची फोडणी मी घालायची, असंही त्यांनी कोंडाबाईंच्या तोंडावर सांगितलं. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाल्या की यंदा बिघडलं, तर तुज्याबरुबर माजंबी नाव जाईल. मग मलाबी तुला झाकता येणार न्हाई. मावशी, मला भूक लागेनाशी झाली आहे. गोरक्ष माझ्या वाटणीचंही जेवतात.

आशीर्वाद ताजा असावा, आदल्या दिवशीचा चालणार नाही.
तुझी,
प्राची


निमगाव सावा
२० जानेवारी २०२५

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आमटी साधली. पातेल्याचा तळ दिसेपर्यंत वाढली आणि शेवटच्या पंगतीला मामंजींनी तळ पुसून खाल्ला. वाटणाचे डबे गल्लीभरच्या फ्रिजांत ठेवले होते. शेजारच्या गेणभाऊंच्या घरच्या दुधाला लसणाचा वास लागला. ते दिसेल त्याला सांगतात की आमी दोन दिस आमटीचा च्या पितोय राव.

कोंडाबाईंनी दोनदा आमटी घेतली आणि डबाही भरून नेला. जाताना मात्र सगळ्यांदेखत म्हणाल्या की देवानं राखलं, हाताचं काय ते म्होरल्या साली कळंल. सासूबाई तिथंच म्हणाल्या की म्होरल्या सालीबी हिचाच हात.

घरचं कोडं सुटलं. गावचं कोंडाबाईंपाशी अडलं आहे. गल्लीतल्या सावळारामच्या मुलीचं बारसं आहे, आणि स्वयंपाकाला कोणाला हाक मारायची ते त्याच ठरवतात. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या की कागदाला चव नसती. आता काय करू?

लोभाचा डबा परत येताना रिकामा नसावा.
तुझी,
प्राची


मंचर
२२ जानेवारी २०२५

चि. सौ. प्राचीस,
अ. उ. आ.

तुझे पत्र मी उभ्याने वाचले आणि मग बसून पुन्हा वाचले. तुझ्या सासूबाईंना, बानूबाईंना, माझा नमस्कार सांग. त्यांच्या आईंनाही सांगितला असता.

कोंडाबाईंचे म्हणणे रास्त आहे. कागदाला चव नसते, म्हणून त्यांना वाचायला काही देऊ नकोस; हात लावायला दे. सकाळी त्यांना चहाला बोलाव. एक तांब्या आणि घरातले सर्वांत मोठे पातेले मांड. दोन्ही कढत पाण्याने काठोकाठ भर, दोन्हींवर झाकण ठेव. पाणी त्यांनाच तापवू दे आणि त्यांनाच ओतू दे. तू लांब बस, एका बोटाचाही स्पर्श करू नकोस. मग त्यांना त्यांच्या माहेरच्या गोष्टी विचार आणि दुपारच्या जेवणापर्यंत त्या संपू देऊ नकोस. जेवायला उठताना दोन्ही भांड्यांना बाहेरून तळहात लावायला सांग. तांब्या गार झालेला असेल, पातेले अजून उबदार, गेल्या वर्षीच्या आमटीसारखे. आत डाळ नाही, फोडणी नाही, फक्त पाणी. मग शांतपणे विचार, की काकी, हा हात कोणाचा?

माया आहे, तशीच राहील.
तुझी,
मावशी