नीपरपलीकडची उडी

१८ सप्टेंबर १९४३
आज विमानतळावर पोचले. छत्रीधारी सैन्यात मी वायरलेसवाली. रोजनिशीला बंदी आहे, म्हणून ही वही बुटात राहील. माझा धाकटा भाऊ तीखोन शेजारच्याच ब्रिगेडमध्ये निघाला. म्हणाला, ताई, तू उडी मारलीस की जर्मन हसूनच मरतील. सार्जंट येरेमेयकाकांनी आम्हा दोघांना गरम लापशी वाढली. फार दिवसांनी पोटभर हसले.

२३ सप्टेंबर
उद्या नीपर नदीपलीकडे, जर्मनांच्या पाठीमागे उतरायचं. तीखोनची ब्रिगेड आमच्यानंतर तीन दिवसांनी येणार. खाली शत्रू किती, कुणालाच ठाऊक नाही. ढगांमुळे विमानातून फोटो निघाले नाहीत म्हणे. विमानं अपुरी. म्हणून वायरलेस संच माझ्याकडे, बॅटऱ्या दुसऱ्या विमानात, सांकेतिक वही कॅप्टनसाहेबांबरोबर तिसऱ्यात. एखादं विमान भरकटलं तर, असं मी विचारलं. कॅप्टन म्हणाले, भरकटायला ही काय जत्रा आहे का, बाई.

२५ सप्टेंबर
खाली रणगाड्यांची अख्खी फौज होती. आमची निम्मी माणसं हवेतच मेली. एका पोराची छत्री पेटली, तो किंचाळत माझ्या शेजारून खाली गेला. झाडीत येरेमेयकाका भेटले. त्यांचा एक कान उडालाय. म्हणतात, बरं झालं, तुझी बडबड आता निम्मीच ऐकू येईल.

२६ सप्टेंबर
कॅप्टन झाडाला लटकलेले सापडले. पोट फाटलेलं. सांकेतिक वहीची पानं रक्तानं चिकटली होती, थुंकी लावून सोडवली. बॅटरी एकच मिळाली. दोन जर्मन तिच्यावर बसून जेवत होते. एकाला मी धरलं, काकांनी फावडं चालवलं. तो आईला हाका मारत होता.

२७ सप्टेंबर, दुपार
आमच्या एकाला भाजून जर्मनांनी विमानांना उतरायची जागा दाखवणारी खूण काढून घेतली. त्रिकोणात तीन शेकोट्या. समोरच्या शेतात लाकडं रचताहेत. तीखोन आज रात्री येणार.
मुख्यालय लागलं. उडी थांबवा म्हटलं. कॅप्टनला बोलवा, म्हणाले. मेले म्हटलं. मग परवलीचा शब्द सांगा. सांगितला. परत सांगा. परत सांगितला. शत्रूच तुझ्याकडून वदवून घेतोय, म्हणतात. आईचं नाव विचारलं, तपासून तासाभरानं बोलू म्हणाले. तासाभरानं बॅटरी—

रात्र
काका शेकोट्या विझवायला गेले. एक विझवली. मग मशीनगन—

जर्मनांनी ती पुन्हा पेटवली. काकांना तिच्यात टाकलं— हलत होते अजून—

विमानं. मला फार भीती वाटते—

छत्र्या उघडल्या. किती— उजेडात तोंडं दिसताहेत— पोरं हसताहेत— एकजण हात हलवतोय, तो—

मी शेतात धावत निघाले— तीखोन, खाली नको रे, खाली—