घर, तवा आणि माझा आवाज यांची वाटणी

मी, कुंदा हिरामण म्हसकर, वय त्रेपन्न, राहणार चिखलोली, अंबरनाथ, जिल्हा ठाणे, धंदा डबे पुरवणे, शिक्षण चौथी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. घसा ठिकाणावर नाही. पण वकीलताई म्हणाल्या, मृत्युपत्राला डोकं लागतं, घसा लागत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. तशी हिंमत आमच्या घरात कोणाची नाही.

येत्या सोमवारी मुंबईच्या इस्पितळात माझ्या घशातली गाठ काढणार आहेत. गाठ मशेरीने झाली का, असं विचारलं की डॉक्टर नुसता माझ्या दातांकडे बघतो. मग मी तोंड मिटते. जीव जाईल असं तो म्हणाला नाही. आवाज बहुतेक जाईल असं म्हणाला. पण टेबलावर झोपवलेल्या बाईचं काय खरं, म्हणून हे लिहिते. याच्या आधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. उल्हासनगरच्या वकील मैत्रेयीताईंनी नमुना दिला, बाकी शब्द माझे. जे कायद्यात बसत नाही तिथे त्यांनी लाल पेनाने खुणा केल्या. मी ते तसंच ठेवलंय.

माझ्या नावात नवऱ्याचं नाव आलं ते कायद्यासाठी. एरवी मी घेत नाही. पुढे 'हे' लिहिलंय तिथे तेच समजावेत.

कलम १. चिखलोलीचं घर माझ्या नावावर आहे. हे असेपर्यंत त्यांनी राहावं. त्यांना कोणी हलवायचं नाही, पलंगसुद्धा खिडकीजवळून हलवायचा नाही. त्यांच्या मागे घर मुलगा विनीत आणि सून श्रद्धा दोघांचं, निम्मं निम्मं. श्रद्धाचं नाव खाली लिहायचं नाही, बाजूला लिहायचं.

कलम २. बँकेत आहे त्यातून इस्पितळाचं भागवावं, उरेल ते यांच्या औषधपाण्याला. मंगळसूत्र श्रद्धाला. तिला जुन्या घडणीचं आवडत नाही हे मला माहीत आहे. मोडावं. मला विचारायला येऊ नये.

कलम ३. मोठा लोखंडी तवा, दोन्ही पराती आणि सगळे डबे सोनियाला. ती माझ्याबरोबर भाकऱ्या भाजते. आनंदनगरच्या कारखान्यांचे डबे तिने पुढे चालवावेत. आमटी पातळ केली तर कामगारच सांगतील.

कलम ४. जांभूळ गावच्या घरातला पाटा-वरवंटा माझी जाऊ कौसा हिला द्यावा. ती लग्नात म्हणाली होती, कुंदाचा आवाज म्हणजे कोरडा पाटा. आता पाटा आणि टोमणा, दोन्ही तिच्याकडे राहतील.

कलम ५. आता आवाजाचं.

वकीलताई म्हणाल्या, "काकू, हे कलम कशाला? मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. नुसता आवाज गेला तर तुम्ही असालच की. तेव्हा काय हवं ते तुम्हीच सांगा."

"कशाने सांगू?" मी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणून हे कलम आहे.

मी जन्मतः अशी ओरडी नाही. हे आनंदनगरला पत्रा दाबायच्या कारखान्यात होते. दिवसभर कानाशी धाड धाड. सुरुवातीला वाटायचं, माणूस मुद्दाम ऐकत नाही. मग कळलं कान गेलेत. कानाचं मशीन आणलं तर ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात पडलंय. मग मी आवाज चढवला. एकदा चढवला तो उतरलाच नाही. भाजीवाल्याशी तसंच, देवाशी तसंच. लोक म्हणतात भांडकुदळ. भांडत कमी असते, सांगत जास्त असते. पण ऐकणाऱ्याला ते सारखंच.

विनीत डीजेवाल्यांसाठी हळदीची आणि मिरवणुकीची गाणी बनवतो. घरात बसून, लॅपटॉपवर. घरात एक ढोलकी नाही. सगळी वाद्यं त्या लॅपटॉपच्या पोटात. कुठल्या कुठल्या देशांतल्या लोकांनी एकेक वाद्य सूर-सूर वाजवून भरून ठेवलेलं असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. ते बोट दाबलं की वाजतं.

उन्हाळ्यात बिल्डिंगला पाण्याचा टँकर आला. एक जण हंडा घेऊन मधेच घुसला. मी ओरडले, "ए मुडद्या, रांगेत ये!" विनीतने वरून गॅलरीतून ते फोनमध्ये भरून घेतलं. मला पत्ता नाही.

मग जांभूळला कौसाच्या थोरल्याची हळद. राजू डीजे आला होता, टेम्पो भरून स्पीकर. गाणं चढत चढत गेलं आणि एकदम थांबलं. पोरं हात वर करून थांबली. आणि त्या भिंतीएवढ्या स्पीकरमधून मी: "ए मुडद्या... रांगेत ये!" मग धडाड. सगळा मांडव उड्या मारायला लागला.

मी हळदीची वाटी घेऊन उभी. कौसा ओरडली, "आगो कुंदे, ही तं तूच गो!" बायका वळल्या. हसल्या. अंगभर हळद लावलेला नवरा मुलगासुद्धा हसला. तेवढं मी गिळलं असतं. पण ते इतक्या मोठ्याने वाजलं की यांनाही ऐकू गेलं. मांडवाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते, तिथून सवयीने उठले आणि म्हणाले, "आलो गं, आलो."

मी न जेवता निघाले.

घरी आल्यावर विनीतला म्हटलं, "पूस ते."

"आई, ते हिट आहे अगं. बदलापूरपासून सगळे मागतायत."

"पूस म्हणते ना मुडद्या!"

"हे पण भारी आलं," तो म्हणाला. फोन हातातच होता.

राजू समजवायला आला. "काकी, पब्लिक वेडी होते तुझ्या आवाजाला. पोरी बोलतात, ही कोण आहे?" मी म्हटलं, "सांगायचं, मेली." त्याने ते विनोदाने घेतलं.

पुढे पावसाळ्यात लॅपटॉपमधली जागा भरली. गाणं उघडायलाच तयार नाही. विनीत म्हणाला, सगळ्या लायब्ऱ्या बाहेरच्या ड्राइव्हवर हलवतो. पानाच्या चपट्या डबीएवढी काळी वस्तू घेऊन आला. मी म्हटलं, "आधी माझं काढ. जागा होईल."

तो हसला. "आई, हा पियानो बघ. अर्धा लॅपटॉप यानेच खाल्लाय. तुझं अख्खं फोल्डर याच्या एका पट्टीएवढंसुद्धा नाही."

मला राग आला. पूस म्हणणारी मीच, आणि एवढुसं आहे म्हटल्यावर राग मलाच आला. आख्खा जन्म ओरडले, आणि जागा केवढी, तर पियानोच्या एका पट्टीएवढी नाही. मग डोक्यात आलं. "फोल्डर कसलं?"

त्याने लपवायला बघितलं, पण सगळं ड्राइव्हवर हलत होतं आणि नावं समोर एकामागून एक जात होती. आई टँकर. आई बांगड्या. आई शिंक. आई भाकरी. भाकरीचे तर किती तरी. श्रद्धा चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "आई, यांच्या सगळ्या गाण्यांत मागे टाळी वाजते ना, ती टाळी नाहीये. तुम्ही भाकरी थापता, तो आवाज आहे."

मला कुठे बघावं ते कळेना. ओरडण्याची लाज वेगळी. भाकरी थापताना कोणी कान देऊन बसलंय हे आपल्याला माहीत नसावं, त्याची लाज वेगळी. पूस म्हणायचं होतं, ते त्या दिवशी राहिलं.

हलवण्याची विनीतची रीत आहे. आधी नव्या जागी न्यायचं. मग सॉफ्टवेअरला नवा पत्ता सांगायचा, नाही तर ते जुन्याच जागी शोधत बसतं आणि लाल अक्षरं दाखवतं. मग एकेक वाद्य नव्या जागेवरून वाजवून बघायचं. आणि मगच जुन्या जागचं पुसायचं. सगळा दिवस गेला. मी म्हटलं, "एवढं काय घाबरतोस?"

"पुसलं की गेलं, आई. परत मिळत नाही."

दिवाळीच्या सुमाराला माझा घसा बसला तो सुटेना. बिल्डिंगमधल्या लोकांना बरं वाटलं असणार. मग तपासण्या, मग डॉक्टरचं ते बोलणं. घरी आल्यावर मी विनीतला म्हटलं, "डॉक्टर जुन्या जागचं पुसणार. नव्या जागी माझं काय काय गेलंय, ते बघून घे."

तो लॅपटॉपपुढे बसला. एकेक आवाज लावून ऐकला. मग म्हणाला, "आई, सगळं ओरडणंच आहे गं. साधं बोलणं एक पण नाही."

रविवारी दुपारी त्याने मला माइकसमोर बसवलं. म्हणाला, काहीही बोल. मला, कुंदाला, बोलायला सुचेना. हे पलंगावर पेपर वाचत होते. विनीत म्हणाला, "बाबांना हाक मार." मी छाती भरून घेतली.

"ओरडू नको, फाटेल ते! माइक जवळ आहे. जवळ ये. हळू."

हळू हाक कशी मारायची? नवी होते तेव्हा मारत असेन. यांचे कान गेल्यापासून हळू मारलेली हाक फुकटच जायची, म्हणून सोडून दिली. मी माइकला तोंड लावलं आणि म्हटलं, "अहो." मग एवढ्यावर कसं थांबायचं म्हणून म्हटलं, "अहो, ऐकता का?"

विनीतने ते परत लावलं. घसा बसलेलाच होता, पण ती मी नव्हते. कोणी तरी नवी नवरी होती, सासरच्या लोकांना घाबरून बोलत होती. श्रद्धा आत निघून गेली. हे दोन हातांच्या अंतरावर पेपर वाचत होते, त्यांना काही ऐकू गेलं नाही. भिंतीएवढ्या स्पीकरची मला वाटली नाही तेवढी त्या तीन शब्दांची लाज वाटली. मी उठले आणि भांडी घासायला घेतली. भांडी घासलेली होती.

तर आवाजाची वाटणी अशी.

'रांगेत ये' आणि बाकीच्या सगळ्या शिव्या राजू डीजेला आणि त्याच्या हातून अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरच्या ज्याला पाहिजे त्याला. पुसू नयेत. कोणाचा आवाज आहे विचारलं तर नाव सांगावं, मेली सांगू नये. इस्पितळासमोर वाजवू नयेत. कौसाच्या धाकट्याच्या हळदीला दोनदा वाजवाव्यात.

भाकरी, बांगड्या, शिंक विनीतला. त्याने त्यांचं काय ते करावं.

'अहो' कोणत्याही गाण्यात घालायचं नाही. ते कोणाला जाणार ते कलम ७ मध्ये आहे.

कलम ६. ड्राइव्ह विनीतच्या टेबलावर राहील. त्याच्यावर डबा, ताट, चहा ठेवायचा नाही. दसऱ्याला हळदकुंकू लावायचं नाही. मी लावलं होतं, ते वायरीच्या भोकात गेलं आणि श्रद्धाने दात घासायच्या ब्रशने काढलं. ड्राइव्ह एकच ठेवायचा नाही, दुसऱ्यावर उतरवून तो कपाटात ठेवायचा. वायर हिसका मारून काढायची नाही. आधी लॅपटॉपला विचारायचं, तो हो म्हणाला की मगच काढायची. निर्जीव वस्तूला विचारतात, आईला विचारलं नाही. हे विनीतने लक्षात ठेवावं. मी माफ केलंय असं इथे लिहीत नाही, पण तक्रारही लिहीत नाही.

या सगळ्याची अंमलबजावणी श्रद्धाने करावी. ती कमी बोलते आणि काम पूर्ण करते.

साक्षीदार व्हायला राजू हट्ट करत होता. पण ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याने साक्षीची सही करायची नसते, असं वकीलताई म्हणाल्या. त्याला शिव्या मिळतायत. म्हणून ज्यांना काही मिळत नाही असे दोघे घेतलेत. त्यातल्या शेजारच्या मिलिंदने विचारलं, "मावशी, एक डबा पण नाही?" नाही.

कलम ७. या कलमाला वकीलताईंची लाल खूण दोनदा आहे, कारण हे मी जिवंत असतानाच लागू होणार आहे. होऊ दे.

आवाज घेऊन परत आले तर 'अहो' यांना ऐकवायचं नाही. मग माझं मी बघेन. जमेल की नाही ते लिहून देत नाही.

आवाज गेला, किंवा मीही गेले, तर यांना खिडकीजवळच्या पलंगावर बसवावं. हातातला पेपर काढून घ्यावा. विनीतचे मोठे हेडफोन कानांवर नीट बसवावेत, आवाज पूर्ण वर करावा आणि ते एकदा लावावं. परत मागितलं तर परत लावावं. ते सवयीने "आलो" म्हणतील. म्हणू द्यावं, कुठे जायचं नाहीये असं सांगू नये.

मी असले तर मला समोर उभं करायचं नाही. मी तेवढ्या वेळात खाली जाऊन भाजी घेऊन येईन. मला लाज वाटते.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, मैत्रेयीताईंनी मला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि साक्षीदारांच्या देखत सही केली. अंगठा नाही, सही.

कुंदा हिरामण म्हसकर

साक्षीदार १: मिलिंद भगवान गायकवाड, शेजारी. मावशींनी आमच्या समोर सही केली.

साक्षीदार २: रखमाबाई शेलार, तळमजला. मी पण होते.

ठिकाण: चिखलोली, अंबरनाथ
दिनांक: ३ डिसेंबर २०२५