संपाच्या मांडवात बोलले ते

अकोला,
२ एप्रिल २०२३

ती. ललिताताईस सीमाचा नमस्कार.

तुझी तब्येत बरी असेल. इकडे आत्तापासूनच ऊन सहन होत नाही. लग्नसराई तोंडावर आली, त्यामुळे आपल्या भांड्यांच्या दुकानात गंज-कळशांना गिऱ्हाईक सुरू झालं आहे. प्राजक्ता बरी आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुमचा संप मिटल्याचं बातम्यांत पाहिलं. जुनी पेन्शन मिळेल का, हे मी विचारणं आता शोभत नाही.

त्या दिवशी मी अमरावतीला आले ती तुझ्याकडे शिकायला ठेवलेल्या प्राजक्ताला भेटायला. तिच्या कॉलेजात कळलं, की ती महिन्यातून एक दिवस येत नाही आणि मावशी चिठ्ठी देते, ‘आज हिचं मन बरं नाही, घरी राहू द्या.’ माझं डोकंच फिरलं. पोरीला एक शब्द न विचारता तुमच्या मांडवात आले. तुझ्या शाळेतल्या बाया, हेडमास्तर, सगळ्यांसमोर ओरडले, “आमी दिवसभर दुकानात उभं राहून टॅक्स भरतो, अन् तुमी आमच्या जिवावर म्हातारपणाची सोय मांगता! सोता काम सोडून बसली, आता माया पोरीलेबी घरी बसाले शिकवून राहिली!”

तू एवढंच म्हणालीस, “सीमा, घरी चाल. पोरीबद्दल बोलायचं हाये.”

मी आले नाही. त्याच दुपारी तिला घेऊन अकोल्याची गाडी धरली.

ताई, कर भरताना जीव जळतो, ते खोटं नाही. सरकारच्या डोक्यावर एवढं कर्ज, उद्या ते आपल्याच पोरांना फेडावं लागेल, असं मला अजूनही वाटतं. पण मांडवात मी एक गोष्ट गिळली. प्राजक्ताचे बाबा गेले, तेव्हा मी दुकान उभं केलं ते आपल्या बाबांच्या पेन्शनवर. तीही कोणाच्या तरी करातूनच आली होती. तुला हे माहीत होतं. तुझ्या शेजारी बसलेल्यांना तू ते सांगितलं असतंस, तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. तू सांगितलं नाहीस.

प्राजक्ता बरी आहे असं वर लिहिलं. ती बरी नाही.

इथं आल्यापासून मी सांगेन ते ती मुकाट्यानं करायची. मला वाटलं, सुधारली. मंगळवारी दुकानात परात पडली. मोठा आवाज झाला. ही कान झाकून खालीच बसली. थरथरत होती, श्वास घेता येत नव्हता. आणि मी, आई असून, गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “नाटकं करू नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरात नव्हती.

एसटी स्टँडवर सापडली. अमरावतीच्या गाड्या समोरून सुटत होत्या आणि ही बाकावर बसलेली. मी विचारलं, “जायचं होतं, तर गाडीत बसली काहून नाही?”

म्हणाली, “मावशी आता मले घरात घेईन का? तू तिले सगळ्यांसमोर तसं बोलली.”

मी बाकावर तिच्या शेजारी बसले. मग तिनंच हळूहळू सांगितलं, की तुझ्याकडे त्या एका दिवशी तिला कोणी काही विचारत नव्हतं. अभ्यास नाही, मार्क नाहीत. तू शाळेतून यायचीस, तुम्ही दोघी गच्चीवर बसून कांदे-मुरमुरे खायचात. त्या दिवसाच्या भरवशावर महिना निघायचा. हे ती मला सांगू शकली नाही, तुला सांगू शकली.

काल डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं. म्हणाले, हिचं ऐकून घेणारं माणूस जवळ असू द्या. मी मान हलवली, पण ते माणूस मी नाही, हे त्यांनाही दिसत असावं.

माझा फोन उचलू नकोस. पण तिला एक फोन कर. नुसतं ‘ये’ म्हण. मी तिला घेऊन येईन, तुझ्या दाराशी सोडीन आणि उलट्या पावली परत फिरेन. आत बोलावू नकोस. तुझ्या घरात यायचं तोंड माझ्याजवळ राहिलं नाही.

तुझ्याच पाठची, तुझ्यावरच उलटलेली,
सीमा