तीन लेन्स आणि आप्पांचे दोन हात

पूर्णगड, मंगळवार

चि. हर्षद यास तुळसाआत्याचे पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत, आणि या वेळी ते नुसतं रीत म्हणून लिहिलेलं नाही. तुझी पाठ कशी आहे? बोटीवरचा आचारी अजून आमटीत मीठ विसरतो का?

तू पाठवलेले दोन्ही कॅमेरे पोचले. किल्ल्यामागच्या सुरूच्या झाडावर गरुडांच्या जोडप्याने घरटं केलंय, त्यांचे फोटो काढायचेत, असं मी एकदा फोनवर बोलले काय आणि तू एवढं मनावर घेतलंस काय! दोन्ही वापरून बघ, एक ठेव, दुसरा मी सुट्टीवर आलो की नेईन, म्हणालास. तर आता निकाल ऐक. धाकटा गुणाचा. त्याची लेन्स इतकी चपटी की तिला म्हणे पॅनकेक म्हणतात, म्हणजे आपलं घावनच. पिशवीत नारळ, कोथिंबीर आणि हा, असा बाजार करून आले तरी खांद्याला पत्ता नाही. पण त्याला दुसरी लेन्स तू दिलेली नाहीस, आणि घावनातून गरुड बघितला तर आकाशावर माशी बसल्यासारखा दिसतो. थोरल्याला मात्र तीन लेन्स: एक रुंद, एक माणसांच्या चेहऱ्यांसाठी, एक दुधी भोपळ्याएवढी लांब. हे बोचकं उचलून किल्ल्यापर्यंत न्यायचं, आणि लेन्स बदलायची म्हणजे एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात काढलेली लेन्स, तिसऱ्यात घालायची. (झाकणांसाठी चौथा हात हवा, तो देवीलाच असतो.) पहिल्या दिवशी एकटी गेले. वारा नुसता मी म्हणत होता. पदराच्या आडोशाने भोपळा बसवेपर्यंत गरुडाने मासा आणला, खाल्ला आणि चोच पुसायला लागला. झाकण घरंगळत करवंदीच्या जाळीत गेलं. ते काढताना मीही आत गेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी आप्पांना म्हटलं, चला. तुला ठाऊक आहे, अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून आमचे हे ओटीच्या पलीकडे गेले नव्हते. हातपाय सुधारले, डॉक्टरांनी फिरा म्हणून सांगितलं, तरी नाही. लोकांनी काठीकडे बघितलेलं त्यांना सोसत नव्हतं. मीही विनवून थकले होते.

"आजारी माणसाला कुठे नेतेस गो?"

"आजारी माणसाच्या मांडीवर लेन्स राहते," मी म्हटलं. माझे ओरबाडलेले हात बघून असेल, पण उठले.

किल्ल्याखाली रिक्षाने गेलो. आप्पांनी लेन्स पंच्यात गुंडाळून तान्ह्या पोरासारख्या धरल्या. मी भोपळा मागितला की ते रुंद देत, रुंद मागितली की झाकण. मी ओरडले. ते त्याहून ओरडले. (कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला, होडीवरून किनाऱ्याला पोचायचा तो.) गरुड अर्थातच उडाला, माझ्याकडे फोटो आला तो एका पंजाचा. मी रिक्षाला हात करते तोवर आप्पा भांडणाच्या तावात पुढे निघालेले. भर वाडीतून, चारचौघांदेखत, घरापर्यंत चालत आले. त्यांच्या दोन्ही हातांत लेन्स होत्या, म्हणून काठी माझ्या काखेत होती. मी रिक्षा सोडून दिली आणि मागोमाग चालले.

आता रोज ऊन उतरलं की स्वतःच चपला घालतात आणि विचारतात, "आज कुठली लेन्स?"

तर बाबा, कॅमेरा हलकाच चांगला, हे कोणीही सांगेल. मी जड ठेवते. उपकार मानायला लागले तर तू रागावशील, म्हणून एवढंच म्हणते, जिथे असशील तिथे सुखात राहा.

तुझी,
तुळसाआत्या

ता.क. धाकटा परत न्यायचं मनातून काढून टाक. तो आप्पांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. ते माझे फोटो काढतात, सगळे तोंड उघडं असलेले.

ता.क.चा ता.क. पत्राचं खरं कारण हे. शेजारची समीक्षा (ती लग्नांचे फोटो काढते) आप्पांना सांगून गेली की जवळचं-लांबचं सगळं एकीतच येणारी, बदलावी न लागणारी अशी लेन्स मिळते. आप्पा तुला फोन करून विचारणार आहेत. तर मेल्या, तुला माझी शपथ, आपल्या कॅमेऱ्याला तसली लेन्स अजून निघालेलीच नाही, म्हणून सांग.