आपल्या हाती दिलेले स्नायू

बाई, तुमचा जुना विद्यार्थी लिहितोय. परवा सकाळी मी बायकोच्या हातातली पिठाची परात काढून घेतली आणि ती रडली. हात मोडला तेव्हा रडली नव्हती. करंजाड्याच्या आमच्या इमारतीच्या जिन्यात ती पडली आणि उजव्या कोपराजवळचं हाड मोडलं. तेव्हा इस्पितळाच्या बाकावर बसून मी गावदेवीला बोललो होतो, हिचा हात पुरता बरा होऊन ही तुझी ओटी भरेपर्यंत मी हिला घरातलं काहीही उचलू देणार नाही. देवीला बोललेलं आमच्याकडे कुणी मोडत नाही. पुढे प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण दंड काठीसारखा झाला होता आणि कोपर नीट वळेना. मी आपला भाकऱ्या थापत होतो, कपडे पिळत होतो, तिची वेणीसुद्धा घालत होतो.

"आवो, देवीनं सांगितलंय का तुमाला, हिला पाटावर बसवून पुजा म्हणून?" ती म्हणाली. "भाकरी तरी थापू द्या. तुमच्या भाकरीनं माजे दात हलायला लागले."

"आधी हात बरा होऊ दे."

"उचलल्याशिवाय तो बरा व्हनार नाय, असं ती पोरगी रोज सांगते."

ती पोरगी म्हणजे व्यायाम करून घ्यायला घरी येणारी फिजिओथेरपिस्ट. त्या दिवशी तिने मलाच बाजूला घेतलं. "काका, हाड कधीच जुळलंय. आता न वापरून स्नायू सुकतायत. असंच चाललं तर कोपर आखडलं ते आखडलंच." मी मान हलवली आणि परात वरच्या फळीवर ठेवून दिली. शब्द दिला होता ना.

दुपारी तुमची आठवण आली. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण मी पुन्हा कोन गावाजवळच्या आपल्या शाळेत आहे, आणि तुम्ही बांबूच्या दोन कामट्या खिळ्याने जोडून आमच्यासमोर धरल्या आहेत. हा हात, हे कोपर. पुढून एक सुतळी, मागून एक. पुढची माझ्याकडे. मी ओढतो, हात दुमडतो. तो परत सरळ करायला मी सुतळी पुढे ढकलतो आणि सगळा वर्ग हसतो. "अरे गाढवा, सुतळीने कधी ढकलता येतं का? स्नायूलाही येत नाही. तो आखडतो आणि ओढतो, बस. म्हणून तर हाडाला दोन्हीकडून जोडीदार दिलेत. एकाने ओढलं की दुसऱ्याने सैल सोडायचं." मग आम्हाला आपापला दंड चाचपायला लावलात. पुढचा टणक होताना कळला, मागचा सैल पडताना कळला. देह ही एवढी नवलाची वस्तू आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

कुणीतरी विचारलं, "बाई, आमी झोपल्यावर छातीत कोन वढतं?" तुम्ही हसला नाहीत. "हृदय हाही स्नायूच. पण तो तुझ्या हुकमाची वाट बघत नाही. आतड्यांचेही तसेच. देवाने काही स्नायू स्वतःकडे ठेवले आणि काही तुझ्या हाती दिले. स्वतःकडचे तो चालवतो. तुझे तू चालवायचेस. नाही चालवलेस तर ते बारीक होतील, मग त्याला बोल लावू नकोस." देवळात जाऊन मगच शाळेत येणाऱ्या तुम्ही. तुमच्या तोंडी ते धडा आणि प्रार्थना असं दोन्ही वाटलं होतं. त्यानंतर पुष्कळ कीर्तनं ऐकली, पण देव आणि देह इतक्या थोडक्यात आपापल्या जागी ठेवणारं कुणी भेटलं नाही.

जे काम देवीने माझ्या बायकोकडे दिलं होतं, ते मी भक्तीच्या नावाखाली तिच्याकडून काढून घेत होतो. काल पहाटे गावी गेलो. नारळ फोडला आणि म्हणालो, आई, माझा शब्द मी परत मागतो, दोष असेल तर तो मला लाव. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. घरी येऊन परात फळीवरून काढली आणि तिच्यापुढे ठेवली.

"बसा तिकडं. हात लावू नका," ती म्हणाली.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तेव्हा एवढं कबूल करायला हरकत नाही. पिठावर तिचा हात अडखळत फिरत होता, भाकरीची कड फाटत होती, आणि वाळल्या दंडात काहीतरी हळूच टणक होताना मला दिसत होतं. तिने भाकरी तव्याकडे उचलली तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. मी तो मागे घेतला.