सरांचा कॅमेरा बदल्यात देण्याआधी

सर, तुमचा कॅमेरा द्यायचा की ठेवायचा, हे मला रविवारपर्यंत सांगायचंय. नगरच्या कॅमेरा दुरुस्तीवाल्याने एक जर्मन रेंजफाइंडर कॅमेरा आणून ठेवलाय, रोलवर चालणारा, ज्याची चित्रं बघण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं तोच. त्याला जुनी यंत्रं जमवायचा नाद, म्हणून बदल्यात तुमचा मागतोय. घरातून अडकाठी नाही. रोज घोळ घालण्यापेक्षा घ्या एकदाचा, असं ही वैतागून म्हणते. मी निवृत्त झालो, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या खिडकीतला फोकस जुळवायचा तो पिवळा चौकोन इतका फिका पडलाय की त्यात दुहेरी दिसणाऱ्या माणसाची दोन नाकं एकावर एक आणेपर्यंत माणूस उठून जातो. कारणं हवी तेवढी आहेत. तरी ठरत नाही, आणि खरं सांगू का, मला आता या विचाराचाच शीण आलाय.

राजूरच्या शाळेतला तुमच्या निरोपाचा दिवस. सबंध गावाचे फोटो काढलेत तुम्ही, चित्रकलेच्या सरांनी, आणि काकूंबरोबरचा तुमचा एकही नाही. मी तुमचाच विद्यार्थी, त्याच शाळेत नुकताच कारकून म्हणून लागलेला. सकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकू शिरा परतताहेत, आणि तुम्ही ओट्याशी उभं राहून रोल बसवताय. कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून म्हणालात, "आज आमचा दोघांचा काढ लेका. हिच्या शेजारी उभं राहायला कधी सवडच न्हाई झाली." काकू जांभळी इरकल नेसल्या होत्या. शाळेच्या व्हरांड्यात मी त्यांना जरा सरका म्हटलं, तर त्या लाजून उलट लांब सरकल्या आणि तुम्हीच त्यांना हाताला धरून जवळ घेतलंत. मी सबंध रोल संपवला. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो, त्यामुळे मला सगळं लख्ख दिसत होतं. शेवटी रोल गुंडाळताना बोट पुढे गेलं आणि हाताला झाकण लागलं. ते दिवसभर लेन्सवरच होतं.

तिथल्या तिथे सांगता आलं असतं. पाहुणे जेवत होते, तुम्ही गळ्यात हार घालून बसला होतात, माझी जीभ रेटली नाही. संगमनेरहून रोल धुऊन आला तो कोरा. तुम्ही तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरलात, बराच वेळ बघितलात, आणि काकूंसमोर म्हणालात, "माझ्याच हातून नीट बसला नसंल. हात राहिला न्हाई आता माझा." मी मान डोलावली. पुढच्याच आठवड्यात तुम्ही कॅमेरा मला देऊन टाकलात. मी तोंड उघडलं असतं, तर काकू पुन्हा इरकल नेसून उभ्या राहिल्या असत्या. पण तुम्ही ओशाळलात, विषयच सोडलात, आणि त्याच वर्षी थंडीत काकू गेल्या. याची मला लाज वाटते, सर, अजून वाटते.

परवा दुरुस्तीवाला नव्या कॅमेऱ्याचं कौतुक सांगत होता. "काका, यात झाकण राहिलं ना, तर आत खिडकीत लाल बाण पेटतो. लई जनांचं हुतं तसं. माझंबी झालंय, सख्ख्या बहिणीच्या लग्नात." सांगताना हसत होता पठ्ठ्या. मला राग आला, त्याचा नाही, माझा. इतकी साधी गोष्ट होती ती. तुम्हीही हसला असतात, पाठीत एक धपाटा घातला असतात आणि दुसरा रोल आणायला पिटाळलं असतंत. त्याच्या दुकानातच मला कळलं की डोळ्यांचं मी उगीच पुढे करतोय. मला नवा हवाय त्यापेक्षा तुमचा घरातून जायला हवाय.

कॅमेरा तुमचा, आणि तुम्ही आता नाही, म्हणून काल तुमच्या मुलीला फोन केला. तिच्या भिंतीवर तुम्ही दोघं दोन वेगळ्या चौकटींत आहात. तुम्ही ओळखपत्रावरचे, काकू मतदान कार्डावरच्या, तो फोटो मोठा करून पुसट झालेला. आधी झाकणाचं सांगायचं, मग अदलाबदलीचं, असं पक्कं ठरवून बसलो होतो. निघालं अदलाबदलीचंच. ती म्हणाली, "द्या की दादा. नाहीतरी आमच्या अप्पांना कुठं त्यात रोल घालता येत होता?" किती लाडाने म्हणाली. मी नुसतं "हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

दुरुस्तीवाल्याला नाही म्हणून कळवणार आहे. यात माझा काही मोठेपणा नाही. तुमचा कॅमेरा एकदा घरातून गेला की मी हे तिला जन्मात सांगणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखून आहे. हे सगळं खरं तर तिला लिहायचं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे, पाकीटही आणलंय. तरी मी तुम्हालाच लिहीत बसलोय, सर, कारण तुम्ही मला उलटून काही विचारणार नाही.